कऱ्हाडचा अर्धा र

सातारा-सांगलीचा इतिहास म्हटला, की वाचकांच्या डोळ्यांपुढे अजिंक्यतारा उभा राहतो, छत्रपतींची गादी आठवते, पटवर्धनांची संस्थाने आठवतात, आणि आजोबांच्या तोंडून ऐकलेल्या पत्री सरकारच्या गोष्टी निघतात. दिवाळी अंकांतून असे इतिहास पुष्कळ येतात आणि ते यावेतच. मी सांगणार आहे तो इतिहास याच मुलखातला असला तरी फार लहान आहे. त्याचा नायक एक अक्षर आहे. आणि तेही पुरते अक्षर नव्हे, अर्धे.

‘सातारा’ हे नाव लिहायला किती सोपे! पण त्याला विभक्ती लावून पाहा. साताऱ्याला, साताऱ्याचा, साताऱ्याहून. मधल्या ‘र’चे काय झाले ते पाहिलेत? तो डोक्यावर चढून रफार झाला नाही. ‘य’च्या डाव्या अंगाला एका लहानशा भुवईसारखा चिकटून बसला. कऱ्हाडच्या नावात तर तो विभक्तीचीही वाट पाहत नाही, जन्मापासूनच बसलेला आहे. शेतकऱ्यांना, वाऱ्यावर, दुसऱ्याचा, म्हाताऱ्या माणसांना अशा घरगुती शब्दांत तो रोज भेटतो म्हणून आपले त्याच्याकडे लक्ष जात नाही. पण त्याला हलवून डोक्यावर रफार ठेवला तर अर्थच पालटतो. दऱ्या सह्याद्रीत असतात आणि दर्या कोकणाच्या पलीकडे असतो. लग्नघरात “आचाऱ्यांना बोलवा” म्हटले तर झारा घेतलेला माणूस येतो, “आचार्यांना बोलवा” म्हटले तर पोथी घेतलेला. हिंदीला या अर्ध्या ‘र’ची गरज पडत नाही. मराठीचे, आणि तिकडे नेपाळीचे, त्यावाचून चालत नाही.

कऱ्हाडात माझे अक्षरजुळणीचे दुकान होते. पंचवीस वर्षे मी लग्नपत्रिका, सहकारी संस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांची स्मरणिका आणि कधीमधी एखादे पुस्तक असली कामे केली. कऱ्हाड साताऱ्याच्या आणि सांगलीच्या मध्यावर. त्यामुळे दोन्हीकडची बिघडलेली यंत्रे दारात येत. संगणकावर नवी विंडोज टाकली आणि मराठी गेली, ही तक्रार मी इतक्या वेळा ऐकली की तिचाच एक इतिहास लिहावा असे वाटू लागले. तो लिहायला बसलो तेव्हा ध्यानात आले, की त्याची सुरुवात संगणकाच्याही दीडपावणेदोनशे वर्षे आधी करावी लागेल, आणि तीही सांगली जिल्ह्यातच.

नाना फडणविसांच्या काळात पुण्याच्या दरबारात चार्ल्स मॅलेट हा इंग्रजांचा वकील होता. त्या दिवसांत पुण्यातला एक तांबट देवनागरी अक्षरे कोरण्याच्या विद्येत तयार झाला. १८०० साली नाना वारले. पुढे ही विद्या मिरजेला गेली, आणि मिरजेचे संस्थानिक गंगाधरराव पटवर्धन यांच्या आश्रयाने १८०५ साली तांब्याच्या पत्र्यांवर कोरून भगवद्गीता छापली गेली. मराठी मुलखातल्या मुद्रणाच्या इतिहासात या मिरजेच्या गीतेला मानाचे पान आहे. मला तिच्यात रस आहे तो निराळ्या कारणाने. तांब्याच्या पत्र्यावर सबंध पान एकदम कोरतात. म्हणजे पत्र्याला अक्षर ठाऊक नसते; त्याला ठाऊक असते ते अक्षराचे चित्र. कोरणाऱ्याने अर्धा ‘र’ नीट काढला तर तो नीट उमटणार.

पुढे खिळे आले. आता पान तुकड्यांनी जुळू लागले आणि प्रत्येक आकाराला एक खिळा पाडावा लागला. देवनागरीला इंग्रजीच्या मानाने कितीतरी अधिक खाने लागत, आणि त्या खान्यांत अर्ध्या ‘र’चाही एक मानाचा खाना असे. पलूसजवळच्या किर्लोस्करवाडीसारख्या आडबाजूच्या गावातून ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’, ‘मनोहर’ ही मासिके घरोघर जात, ती अशाच जुळणाऱ्यांच्या बोटांवर. त्यानंतर टंकलेखन यंत्र आले, त्याच्या कळा मोजक्याच. मग अर्धी अक्षरे, काना, मात्रा असे सुटे तुकडे एकापुढे एक ठोकून अक्षर उभे करायचे. सातारा आणि सांगली दोन्हीकडच्या टंकलेखन वर्गांतून मिनिटाला तीस शब्दांची मराठी परीक्षा देऊन मुले-मुली नोकरीला लागत, तीही या तुकड्यांच्या विद्येवरच.

यंत्राच्या सोयीसाठी लिपीच बदलावी, असाही एक प्रयोग झाला. १९५३ साली लखनौला लिपी परिषद भरली. ऱ्हस्व इकाराची वेलांटी व्यंजनाच्या आधी येते, ती यंत्राला अडचणीची होते, म्हणून तीही उजवीकडेच द्यावी आणि तिचा दांडा आखूड ठेवावा असे तिथे ठरले. लोकांच्या हाताला ते वळण पडेना. चार वर्षांत, १९५७ साली, निर्णय मागे घ्यावा लागला. आजच्या भाषेत बोलायचे तर नवी आवृत्ती काढून जुनी परत बसवली. (या एका वाक्यात ‘ऱ्हस्व’ शब्द लिहावा लागला, आणि त्यातही आमचा नायक पहिल्याच जागी आहे, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.)

आता संगणकाकडे वळतो. ज्यांच्या घरी हा विषय निघाला की आजी उठून फराळाकडे जाते, त्यांनी आजीला थोडे थांबवावे. कठीण काही नाही.

संगणकाला अक्षरे दिसत नाहीत. त्याला क्रमांक कळतात. अमेरिकेत ठरलेल्या पद्धतीत पहिले १२८ क्रमांक होते, ते इंग्रजी अक्षरे, आकडे आणि विरामचिन्हे यांनी व्यापलेले. उरलेल्या १२८ जागांत आपल्या लिपी कशा बसवायच्या हा प्रश्न होता. कानपूरच्या आयआयटीत त्यावर काम झाले, १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली तेव्हा ते तिथे आले, आणि १९९१ साली ‘इस्की’ नावाचे भारतीय मानक जाहीर झाले. त्यातली कल्पना सुरेख होती. क्रमांक द्यायचा तो अक्षराला, आकाराला नाही. ‘क’चा एक क्रमांक, हलन्ताचा एक, ‘य’चा एक, त्यांचे ‘क्य’ कसे दिसावे हे यंत्राने पाहावे. डॉसच्या काळ्या पडद्याच्या दिवसांत संगणकात ‘जिस्ट’ नावाचे एक कार्ड बसवीत, ते हे काम करी. त्याच सुमारास इन्स्क्रिप्ट हा कळफलकही ठरला होता. त्यात इंग्रजी ‘जे’च्या कळीवर ‘र’ आहे आणि शिफ्ट दाबून तीच कळ मारली तर ‘ऱ’ उमटतो. तो ‘ऱ’, मग हलन्त, मग ‘य’, की झाला साताऱ्याचा ‘ऱ्य’. ज्याने ही जोडणी ठरवली त्याला मराठी नीट येत असले पाहिजे.

मग १९९५ साली विंडोज ९५ आली, पाठोपाठ विंडोज ९८. रंगीत पडदा, माऊस, अक्षरांच्या नाना तऱ्हा! पण या विंडोजला आपल्या लिपीचे ज्ञान मुळीच नव्हते. त्यावर आपल्या लोकांनी जी तोड काढली ती थेट मिरजेच्या तांबटाची होती. इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी तुकड्यांची चित्रे बसवायची. संगणक समजे की आपण इंग्रजी लिहितो आहोत, आणि पडद्यावर दिसे मराठी. सी-डॅकचे योगेश आणि सुरेख, पुण्याच्या मॉड्युलर कंपनीची श्रीलिपी, बंगलोरची आकृती, घरोघर पोचलेला शिवाजी फाँट ही सगळी याच वाटेची. या सोंगाला नावे ठेवायला मी तयार नाही. त्या वाटेनेच आम्हा हजारो लोकांचे संसार चालले, आणि लहान गावांतून मराठी छापील मजकूर स्वस्त झाला. पण सोंग प्रत्येकाचे निराळे होते. एका फाँटात ज्या क्रमांकावर ‘क’, दुसऱ्यात त्याच क्रमांकावर वेलांटी.

मिरज जंक्शनवर ज्यांनी जुना काळ पाहिला आहे त्यांना हे चटकन उमगेल. पुण्याहून येणारी मीटरगेज, आणि पंढरपूरकडे जाणारी बार्शी लाइनची नॅरोगेज. डबे एकमेकांच्या रुळांवर चालत नसत. म्हणून माल उतरवायचा, हमालांनी पाठीवर घ्यायचा आणि दुसऱ्या डब्यात भरायचा. पुढे १९७१ च्या सुमारास पुणे-कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज झाला तेव्हा सगळे खुशीत होते. पण रूळ रुंद केले म्हणून जुने डबे काही आपोआप रुंद होत नाहीत. संगणकात नेमके हेच घडले. खालचे रूळ बदलत गेले, आणि वरच्या डब्यात आमचे मराठी होते.

विंडोज २००० या आवृत्तीत देवनागरी प्रथमच खऱ्या अर्थाने आली. जगातल्या लिपींना स्वतंत्र क्रमांक देणारे युनिकोड १९९१ पासून तयार होत होते, आणि त्यातला देवनागरीचा भाग इस्कीच्याच १९८८ च्या आराखड्यावर बेतला होता. २००१ साली एक्सपी आली आणि ती घरोघर झाली. त्याच वर्षी महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले, एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्यातालुक्यांत निघाले, आणि संगणक म्हणजे काय हे ज्यांनी ऐकलेही नव्हते ती माणसे माऊस धरू लागली. खरा गोंधळ सुरू झाला तोही तेव्हापासूनच.

एक्सपीत देवनागरी होती, पण निजलेली. तिला जागे करायचे तर कंट्रोल पॅनेलमध्ये भाषांच्या पानावर एक खूण करावी लागे, आणि ती केली की यंत्र मूळ सीडी मागे. सीडी कुणाकडे असायची! विकणाऱ्याने ती दिलेलीच नसे. मग वेलांटी भलत्या अक्षराला लागलेली, जोडाक्षरांच्या जागी उघडे हलन्त आणि रिकाम्या जागी ठिपक्यांची वर्तुळे, अशी मराठी घेऊन लोक माझ्याकडे येत. ज्यांच्या यंत्रात ‘आय थ्री एटी सिक्स’ नावाचा फोल्डर शिल्लक असे त्यांचे काम पाच मिनिटांत होई. हा फोल्डर मी एका सीडीवर घालून ती खिशात ठेवीत असे, जसा एखादा वैद्य बटव्यात सुंठ ठेवतो.

दुसरी तऱ्हा अधिक गमतीची. लिहिलेले मराठी आपोआप बिघडे. वर्ड या आज्ञावलीची सवय अशी, की वाक्याचे पहिले अक्षर लहान लिपीत दिसले तर ते मोठ्या लिपीत करायचे. तिच्या मते आपण इंग्रजी लिहीत होतो ना! ती बिचारी मदत करी आणि वाक्याच्या आरंभीचा मराठी तुकडा पालटून तिथे निराळाच येऊन बसे. अवतरणचिन्हांचेही तसेच. नवी आवृत्ती टाकली की ही सगळी मदत पुन्हा चालू झालेली असे, आणि माणसाला वाटे की फाँट खराब झाला. उपाय एकच होता. तिची हौस बंद करून ठेवायची.

युरोपात युरो हे नाणे निघाले तेव्हा विंडोजच्या क्रमांकांत १२८ वी जागा त्याच्या चिन्हाला दिली गेली. ज्या फाँटने त्या जागेवर एखादा मराठी तुकडा बसवला असेल त्याच्यावर काय प्रसंग येईल याची कल्पना वाचकांनी करावी. ब्रुसेल्सला नाणे ठरते आणि त्याचा धक्का आपल्याकडच्या एखाद्या पतसंस्थेच्या अहवालाला बसू शकतो!

या सगळ्या बिघाडांत एक गोष्ट सारखी होती. यंत्र म्हणे, काम शंभर टक्के झाले. पडद्यावर पट्टी भरून येई, शुभेच्छाही झळके. चूक झाली हे त्याला कळतच नसे, कारण त्याच्या लेखी तिथे मराठी नव्हतीच. आणि सर्वांत आधी नाहीसा होई तो आमचा अर्धा ‘र’.

एक हकीकत सांगतो. पलूस तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावात एक निवृत्त मुख्याध्यापक होते. गावात सगळे त्यांना गुरुजी म्हणत. त्यांनी आयुष्यभर गावाचा इतिहास जमवला होता: विहिरी कोणी बांधल्या, तालमी कोणत्या, प्लेगात कोणती घरे बसली, बेचाळीसच्या चळवळीत कोणाच्या माळ्यावर कोण लपले. विंडोज ९८ च्या यंत्रावर त्यांनी ते सारे स्वतः टाइप केले. २००५ च्या पुरात हाताने लिहिलेल्या वह्या गेल्या. यंत्र माडीवर होते म्हणून वाचले. पुढे गुरुजी वारले. २०१० साली त्यांचा मुलगा माझ्याकडे आला.

“काका, दादांचं सगळं लिखाण यात आहे,” तो म्हणाला, “पण उघडलं की नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात.”

मधल्या काळात कोणी तरी जुन्या यंत्रावर ९८ च्या जागी एक्सपी टाकली होती. त्या दिवसापासून मराठीची आज्ञावली ‘लॉक सापडत नाही’ म्हणून बंद पडली होती. हे लॉक म्हणजे प्रिंटरच्या जोडणीत खोचायची एक डबी. ती असल्याशिवाय आज्ञावली चालायची नाही, असा विकणाऱ्यांचा बंदोबस्त असे. विंडोज ९८ कोणत्याही आज्ञावलीला त्या जोडणीपर्यंत सरळ जाऊ देई. एक्सपी तसे जाऊ देत नाही. तिला मध्ये ड्रायव्हर लागतो, आणि एवढ्या जुन्या लॉकचा ड्रायव्हर मिळेना. मुलाने नवे यंत्र घेतले, त्यावर चौसष्ट बिटांची विंडोज ७. तिच्यात सोळा बिटांच्या काळातली आज्ञावली चढायलाच तयार नव्हती, आणि यंत्राच्या पाठीला ती डबी खोचायला जागाही नव्हती. त्याने त्याच नावाचा फाँट कुठूनसा मिळवून घातला, तर अर्धी अक्षरे बरोबर आणि अर्धी वेडीवाकडी. नाव तेच, पण आवृत्ती दुसरी.

मी त्याला एकच विचारले. “एक्सपी टाकताना डिस्क एनटीएफएस केलीत का?”

त्याला ते सांगता येईना. वाचकांनाही या प्रश्नाचे महत्त्व सांगितले पाहिजे. ९८ वर एक्सपी चढवली तर ती जुन्या विंडोजची पुरचुंडी बांधून एका कोपऱ्यात ठेवते. डिस्कची मांडणी जुनीच राहिली असेल आणि ती पुरचुंडी कोणी झाडलोट करताना फेकली नसेल, तर परत जाता येते. मांडणी बदलली असेल तर परतीचा दोर कापलेला. आम्ही जुने यंत्र सुरू केले. मांडणी जुनीच होती. आज्ञावल्या काढण्याच्या यादीत ‘विंडोज एक्सपी काढा’ ही ओळ दिसली तेव्हा मला देव भेटल्यासारखे झाले. पाऊणएक तास यंत्र घरघरत राहिले, आणि ९८ चे निळे आभाळ परत आले. डबी खोचली, आज्ञावली चालू झाली, आणि गुरुजींच्या पहिल्या पानावर ‘कऱ्हाड’ हा शब्द त्याच्या अर्ध्या ‘र’सह उभा होता. आधी मी काय केले असेल तर सगळी पाने कागदावर छापून घेतली.

मुलाला त्याचे पुस्तक काढायचे होते, तेव्हा मजकूर युनिकोडमध्ये आणणे भाग होते. जुन्या फाँटातून युनिकोडमध्ये नेणाऱ्या आज्ञावल्या मिळतात. मिरजेच्या हमालांचेच ते काम. आम्ही वापरली तिने सगळा माल नीट नेला, पण रफार आणि अर्धा ‘र’ या दोघांना एकाच गोणीत कोंबले. कऱ्हाडचे ‘कर्हाड’ झाले, साताऱ्याला ‘सातार्याला’, शेतकऱ्यांचे ‘शेतकर्यांचे’. मुलगा हुशार. तो म्हणाला, “काका, सगळे ‘र्य’ एका फटक्यात ‘ऱ्य’ करून टाकतो.” आणि टाकलेही. क्षणात सूर्याचा ‘सूऱ्य’ झाला, धैर्याचे ‘धैऱ्य’, आणि गावच्या शाळेचे कार्य ‘काऱ्य’ होऊन बसले. कुठे कोणता ‘र’ हवा हे यंत्राला सांगता येईना, कारण त्यासाठी मराठी यावी लागते.

शेवटी गुरुजींच्या पत्नी बसल्या. वय ऐंशीच्या घरात, डोळ्याला मोतीबिंदू. पण गुरुजी लिहिलेले प्रत्येक पान रात्री त्यांना वाचून दाखवीत असत. नातीने छापलेली पाने मोठ्याने वाचायची, मुलाने पडद्यावर बोट ठेवून पाहायचे आणि आजीने ऐकायचे, असा क्रम लागला. दिवाळीची सुट्टी होती, चकल्या तळणे चालले होते, आणि सोप्यात हे वाचन. मी दोनदा जाऊन बसलो. पडद्यावरून मुलगा मध्येच एखादे वाक्य वाची आणि आजी म्हणत, “सूऱ्य कसला रे मेल्या, सूर्य!” एकदा तर छापील पानावर होते तेच त्यांनी अडवले. विहीर बांधणाऱ्या माणसाचे नाव गुरुजींच्याच हातून चुकीचे टाइप झाले होते. ते लिहिल्यावर यांच्या ध्यानात आले होते, पण सांगायचे राहून गेले. ते नाव त्या दिवशी दुरुस्त झाले. सबंध पुस्तक तपासायला अकरा दिवस लागले.

सात वर्षांनी, २०१७ च्या उन्हाळ्यात, सरकारने गावोगाव चावडी वाचन लावले तेव्हा मला या सोप्याची आठवण झाली. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि बारा. शेतकऱ्याचा जीव त्यात. तो संगणकात गेला, एका आज्ञावलीतून दुसरीत गेला, आणि हाताने लिहिलेला उतारा व संगणकातला उतारा जुळत नाहीत अशी ओरड झाली. कुठे नाव चुकलेले, कुठे क्षेत्र. मग दोन्ही उतारे चावडीवर वाचून दाखवायचे आणि ज्याचे त्याने ऐकून हरकत सांगायची असे ठरले. पुढच्या वर्षी, १ मे २०१८ रोजी, डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला. तेव्हाही राहून गेलेल्या लेखनचुकांसाठी जमीन महसूल संहितेचे १५५ वे कलम आहेच, आणि तहसील कचेरीत त्या कलमाचे अर्ज घेऊन बसलेली माणसे मी पाहिली आहेत. नव्या यंत्रणेचे गुणगान करणाऱ्यांनी एकदा त्या बाकावर बसून पाहावे असे मला वाटते; आणि जुनेच बरे म्हणणाऱ्यांनी २०१९ च्या ऑगस्टातली सांगली आठवावी. आयर्विन पुलाखालचे पाणी शहरात शिरले तेव्हा कागदाचा लगदा झाला होता. जो मजकूर दुसरीकडे नेऊन ठेवला होता तो वाचला.

साताऱ्याच्या बाजूला वाईत विश्वकोशाचे मोठे काम झाले, त्याचा उल्लेख इथे करतो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली पहिला खंड १९७६ साली निघाला. तो छापील खंड आज कपाटातून काढला तर कोणतीही विंडोज न टाकता वाचता येतो. पण गावच्या शाळेतल्या मुलापर्यंत तो पोचला तो २०११ साली संकेतस्थळावर आल्यावरच. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांचे भांडण लावण्यात अर्थ नाही.

मराठीची बाजू हळूहळू सावरत गेली हेही नोंदवले पाहिजे. २००८ साली युनिकोडमध्ये ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र जागा मिळाली. तोवर आमच्या वकिलांच्या पाट्यांवरचा ‘ॲड.’ कसाबसा जोडून काढावा लागे. जुन्या यंत्रांवर त्या नव्या ‘ॲ’च्या जागी रिकामी चौकट दिसे आणि वकीलसाहेब रागावत. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठी वर्णमाला आणि ‘ल’, ‘श’ यांची मराठी वळणे ठरवून दिली. २०१४ साली मोडीलाही युनिकोडमध्ये स्थान मिळाले.

अर्ध्या ‘र’ची कथा मात्र अजून थोडी उरली आहे. युनिकोडच्या आरंभीच्या काळात तो काढण्याची रीत निराळी होती: साधा ‘र’, हलन्त, आणि मग न दिसणारे एक जोडचिन्ह. पुढे नुक्त्याच्या ‘ऱ’ने काढावा असे ठरले, पण जुने लिखाण मोडू नये म्हणून आधीची रीतही चालू ठेवली. त्यामुळे आज दोन प्रकारचे कऱ्हाड आहेत. डोळ्यांना दोन्ही अगदी सारखे दिसतात, पण यंत्राच्या हिशेबी ती दोन गावे आहेत. एकाचा शोध घेतला तर दुसरे सापडेलच असे नाही. गुरुजींच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची सूची करताना मुलाचा फोन आला होता, “काका, कऱ्हाड निम्म्याच पानांवर सापडतंय.” त्याला दोन्ही रीती सांगितल्या, आणि दोन्हीकडून शोधून एक कर म्हटले.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चीही नेहमीची मुदत संपली. अकरावी आवृत्ती जुन्या यंत्रांना दारातच अडवते. टीपीएम नावाची सुरक्षेची चकती हवी, प्रोसेसर नव्या पिढीचा हवा, आणि चौसष्ट बिटांवाचून ती बोलतच नाही. माझ्याकडे पुन्हा फोन येऊ लागले आहेत. दुकान आता भाच्याकडे आहे. कोणाला तो लिनक्स टाकून देतो, कोणाला नवे यंत्र घ्यायला सांगतो, आणि निघताना प्रत्येकाला कागदावर एक ओळ लिहून देतो. घरी गेल्यावर आपल्या यंत्रात ती टाइप करून, सगळी अक्षरे नीट उमटतात का हे घरातल्या कोणाकडून तरी वाचवून घ्यायचे. ओळ अशी: साताऱ्याहून कऱ्हाडला आलेल्या शेतकऱ्याने सूर्योदयाला दऱ्या ओलांडल्या.